साडीचा ओढा

आंबिल ओढा येतो कुठून, असं पुण्यात विचारलं तर त्याच्या काठी राहणारी माणसंही पुष्कळदा दांडेकर पुलाशी अडतात. कात्रजच्या डोंगरातून निघून, तलावातून खाली उतरून, अरण्येश्वरावरून दत्तवाडीकडे जाणारा हा ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री सोसायट्यांत आणि वस्त्यांत शिरला. सीमाभिंती कोसळल्या, माणसं दगावली. पूररेषेचा नकाशा असतो खरा, पण तो कळायला नकाशा वाचायची सवय लागते. साडीला ती लागत नाही.

जुनी निळी साडी घ्या. एक टोक धरणारा कात्रज, दुसरं धरणारी मुठा नदी. साडी जमिनीलगत पसरून हलकेच हलवली की ओढा वाहू लागतो. आता मुलांना पुठ्ठ्याची खोकी द्या: दुकान, पार्किंग, रस्ता, सीमाभिंत. ती त्यांनी हवी तिथे, दोन्ही काठांनी मांडावीत. खोकी आत सरकत जातात आणि ओढ्याची वाट निम्मी उरते. मग ‘कात्रज’ने साडी पुढे लोटायची. कापड तेवढंच असतं, जागा कमी. ते मध्येच गोळा होतं, वर फुगतं आणि खोक्यांवर चढतं. या क्षणी सूत्रधाराने गप्प बसावं. पाणी तेवढंच राहून वाट अरुंद झाली की पातळी चढते, हे पोरं आपणच ओरडून सांगतात.

पण एवढं पाणी येतं कुठून? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एका गुंठ्यात सुमारे १०१ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर एकट्या गुंठ्यावर पाच हजार लिटर. इथे पैजेचा खेळ लावावा. दोन ताटं सारख्याच उतारावर ठेवायची, एकात माती आणि गवत, दुसरं रिकामं. दोन्हींवर झारीने सारखंच पाणी घालायचं, खाली एकेक पेला. कुठला पेला आधी भरतो? माती थोडं पाणी पिते आणि उरलेलं सावकाश सोडते. रिकामं ताट म्हणजे काँक्रीट, ते सगळं एकदम खाली ढकलतं.

आता बाहुल्या. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांसारख्या कळसूत्री बाहुल्या नाचवायच्या, तर दोऱ्यांवर हात बसायला वर्षं जातात. आपल्याला मोज्याचा खेकडा पुरे. बोलताना अंगठा, म्हणजे खालचा जबडा, खाली न्यावा. वरची बोटं उचलली तर खेकडा आभाळाकडे बघत बोलतो आणि प्रेक्षक सुटतात. खेकड्याला शहाणपण देऊ नका, प्रश्न द्या: “मावशी, तुमच्या मोरीतलं पाणी जातं कुठं?” विचारून झालं की थांबायचं, शांतता अवघड वाटली तरी. माणसाने असं विचारलं तर लोक सावध होतात. मोज्याला मात्र बिनधास्त उत्तर देतात.

कचरासुर नावाचा राक्षस शक्यतो आणू नये. तो टाळ्या घेतो, पण सगळा दोष प्लॅस्टिकच्या पिशवीवर जातो. पिशव्या मोऱ्या तुंबवतात हे खरंच, पण ओढा चिंचोळा करणारी भिंत आणि त्यावरचा तोकडा पूल त्या राक्षसाआड लपून जातात.

खेळ वस्तीत असेल तर आणखी सांभाळावं लागतं. “म्हणजे आमचं घरच त्या खोक्यात?” असं कुणीतरी विचारणारच. म्हणून पहिली खोकी सोसायटीच्या भिंतीची आणि रस्त्याची ठेवावीत, घरं शेवटी. पेशवाईत ओढ्याचा प्रवाह वळवला होता, हेही सांगावं. वाट बदलण्याचा उद्योग जुना आहे. मग खडूने जमिनीवर ओढा काढून थोरांना विचारावं, २०१९ ला पाणी तुमच्या दारी कुठवर आलं होतं? तिथे त्यांना खूण करू द्यावी. दोघांच्या खुणा जुळल्या नाहीत तर वाद होऊ द्यावा. त्या वादात कुठली मोरी आधी तुंबली आणि पाणी कुठल्या बोळातून शिरलं, हे सगळं बाहेर येतं.