धरणाच्या पायथ्याचें थंड पाणी

नदीवर धरण झालें म्हणजे पाटाला पाणी किती आलें, विजेचे दिवे कोठवर गेले आणि जमिनी कोणाच्या बुडाल्या, ह्या तीन प्रश्नांचा आपण शेतकरी विचार करितों. आणि ते प्रश्न खरोखरच मोठे आहेत. परंतु भिंतीखालून जें पाणी पुढें वाहत जातें तें पूर्वींच्याच नदीचें पाणी असतें काय, हा चौथा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. अमेरिकेंतील कोलोराडो नदीच्या कांठीं ह्या प्रश्नाचें उत्तर एका माशानें दिलें आहे. मासे धरणें हा आमच्या बहुतेक वाचकांचा व्यवसाय नव्हे, व कित्येकांस तो रुचणारहि नाहीं. तथापि ह्या माशाची हकीकत ही मुळांत पाण्याची हकीकत आहे, आणि पाणी हा तर आपला नित्याचा विषय. म्हणून ती येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

कोलोराडो नदी रॉकी पर्वतांत उगम पावून सुमारें १,४५० मैल वाहते, आणि तिच्या पाण्यावर सुमारें ५० लाख एकर जमीन भिजते. कोलोराडो हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ तांबडी असा आहे. धरणापूर्वीं ती नांवाप्रमाणेंच होती. उन्हाळ्याच्या आरंभीं डोंगरावरील बर्फ वितळून तिला महापूर येई, आणि पाणी गाळानें इतकें दाट होई कीं वीतभर खालचें दिसूं नये. थंडींत तें गोठण्याच्या बेतास येई, तर भर उन्हाळ्यांत ८० अंश फॅरेनहाइटपर्यंत तापे. अशा पाण्याची संवय झालेले मासेच तेथें राहत. त्यांपैकीं मानेवर कुबड असलेला चब नांवाचा मासा तर ह्या खोऱ्याबाहेर जगांत कोठेंहि सांपडत नाहीं.

ह्या नदीच्या पाण्यासाठीं सात संस्थानांची भांडणें होतीं. १९२२ सालीं त्यांचा करार होऊन वरचें खोरें व खालचें खोरें अशी वांटणी झाली, आणि हद्द ॲरिझोना संस्थानांतील लीज फेरी ह्या जुन्या उताराजवळ धरली गेली. दर दहा वर्षांत ७ कोटी ५० लाख एकरफूट पाणी ह्या हद्दीपलीकडे जाऊं द्यावें, अशी अट वरच्या संस्थानांवर पडली. ओल्या वर्षांचें पाणी सुक्या वर्षांकरितां सांठवून ठेवल्यावांचून ही अट पाळणें अवघड. म्हणून लीज फेरीच्या वर सुमारें १५ मैलांवर ग्लेन कॅन्यन धरण बांधण्यांत आलें. १९५६ च्या ऑक्टोबरांत पहिला सुरुंग उडाला, १९६३ च्या मार्चांत पाणी अडूं लागलें, आणि १९६४ मध्यें वीज निघूं लागली. भिंतीची उंची पायापासून ७१० फूट आहे, व पायथ्याशीं आठ जनित्रें आहेत. वरच्या विस्तीर्ण जलाशयास लेक पॉवेल म्हणतात.

आतां मुद्याची गोष्ट पाहूं. जलाशय तुडुंब भरला असतां पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट असते, आणि वीजघराकडे जाणाऱ्या नळांचीं तोंडें ३,४७० फुटांवर आहेत. म्हणजे जनित्रें फिरविणारें पाणी पृष्ठभागाखालीं २३० फुटांवरून घेतलें जातें. सूर्यानें तापलेलें पाणी हलकें होऊन वरच तरंगतें. खालचें जड पाणी बारा महिने थंड राहतें. उन्हाळ्यांत खोल विहिरींत बुडी मारणाऱ्यास हे दोन थर अंगानेंच कळतात. त्यामुळें जलाशय भरलेला असे तोंवर, वैशाख असो कीं पौष असो, भिंतीखालीं येणारें पाणी बहुधा ४६ ते ५० अंशांच्या आसपास राही. गाळ तर सगळा वरच बसला. तांबडी नदी धरणाखालीं हिरवी, नितळ व थंड झाली.

असें पाणी जुन्या माशांस मानवलें नाहीं. परंतु ट्राउट माशास तें स्वर्गासारखें वाटलें. ट्राउटला थंड, स्वच्छ व प्राणवायूनें भरलेलें पाणी लागतें. म्हणूनच आपल्या देशांत आणला गेल्यावर तो काश्मीर, कुलू व निलगिरी अशा थंड प्रदेशांतच टिकला. अंगावर गुलाबी पट्टा असलेला इंद्रधनुषी ट्राउट हा मूळचा पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांतला. त्याचीं पिल्लें १९६४ सालीं लीज फेरीला सोडण्यांत आलीं. नितळ पाण्यांतून ऊन तळापर्यंत पोंचूं लागल्यानें धोंड्यांवर शेवाळ माजलें. त्या शेवाळावर जगणारे कोळंबीच्या जातीचे इवलेसे जीव मुद्दाम आणून सोडले गेले, आणि ते खाऊन ट्राउट असा पोसला कीं १९७० नंतरच्या दशकांत दहा दहा पौंडांचे मासे गळाला लागूं लागले. जेथें पूर्वीं एकहि ट्राउट नव्हता तेथें दूरदूरचे शोकी लोक येऊं लागले, आणि नावाडी, वाटाडे व खाणावळवाले ह्यांस नवा धंदा मिळाला.

ही पारध करण्याची रीतहि जाणून घेण्यासारखी आहे. पहांटे लीज फेरीहून यंत्राच्या नावेनें धरणाच्या दिशेनें वर जावयाचें. दोहों बाजूंस शेंकडों फूट उंच तांबडे कडे, आणि मध्यें कांचेसारखें पाणी. एखाद्या वाळूच्या दांड्याजवळ उतरून, छातीपर्यंत येणारा रबरी पोशाख चढवून, प्रवाहांत उभें राहावयाचें. गळाला जिवंत आमिष लावण्यास तेथें मनाई आहे. पीस, दोरा व लोंकर ह्यांची चिलटाएवढी खोटी माशी बांधून ती प्रवाहाबरोबर अशी वाहूं द्यावी लागते कीं माशाला संशय येऊं नये. गळाला उलटा कांटाहि ठेवूं देत नाहींत, म्हणजे मासा सोडून देतां येतो. आणि बहुतेक लोक तो सोडूनच देतात. अशा नदींत एक सावधगिरी मात्र पाळावी लागते. वर जनित्रांचा वेग वाढला कीं गुडघ्याएवढें पाणी कमरेवर येतें, आणि तें आवाज करून येत नाहीं. म्हणून जाणता माणूस पाण्याच्या कडेचा एक धोंडा मनांत धरून ठेवतो. तो बुडूं लागला कीं आपण कांठाकडे वळावें.

ह्या चढउतारांतच पुढील सर्व तंट्याचें मूळ आहे. विजेची मागणी दिवसा व सायंकाळीं वाढते, मध्यरात्रीं उतरते. जनित्र मात्र एका चाकाच्या फिरण्यानें बंद किंवा चालू करितां येतें. म्हणून पूर्वीं एका दिवसांत सेकंदास तीन हजार घनफुटांपासून तीस हजार घनफुटांपर्यंत पाणी वरखालीं होत असे. समुद्राच्या भरतीओहोटीप्रमाणें नदी रोज चढे व उतरे. कांठच्या गोट्यांत घातलेलीं ट्राउटचीं अंडीं ओहोटीला उघडीं पडत, पिल्लें डबक्यांत अडकून मरत. खालीं ग्रँड कॅन्यनमधील वाळूचे दांडे झिजूं लागले, कारण नवी वाळू आणणारा गाळ धरणांत अडकलेला. आपल्या नदीकांठची मळई दर पावसाळ्यांत नवी होते तोंवर तिची किंमत आपणांस कळत नाहीं. गाळ येणें थांबलें म्हणजे कळते. शेवटीं १९९१ मध्यें ह्या चढउतारांस तात्पुरती मर्यादा घालण्यांत आली, १९९२ मध्यें ग्रँड कॅन्यनच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि १९९६ मध्यें पक्के नियम ठरले: रात्रीं पाणी सेकंदास ५,००० घनफुटांखालीं व दिवसा ८,००० घनफुटांखालीं जाऊं नये, आणि दिवसाचा चढउतारहि ठरीव हद्दींत असावा.

एवढ्यानें मासे सुखी झाले असते, तर हकीकत येथेंच संपली असती. परंतु त्यांचें अन्न अपुरें होतें. ज्या माश्यांवर इतर नद्यांतील ट्राउट पोसतो, त्या माश्या ह्या नदींत जवळजवळ नव्हत्याच. होतीं तीं चिलटें. ह्याचें कारण शोधण्याकरितां शास्त्रज्ञांनीं २०१२ पासून नदींतून नावा नेणाऱ्या वाटाड्यांचें साह्य घेतलें. वाटाडे रोज सायंकाळीं मुक्कामाच्या जागीं मद्यार्काच्या भांड्याजवळ एक लहान दिवा तासभर ठेवीत, व पडलेले किडे बाटलींत भरून आणीत. अशा हजारों बाटल्या तपासल्यावर २०१६ मध्यें उलगडा झाला. हे कीटक संध्याकाळीं पाण्याच्या अगदीं कडेस अंडीं घालतात. त्या वेळीं पाणी चढलेलें असेल, तर रात्रीं तें उतरतांच अंडीं उघड्यावर वाळून मरतात. पाण्याची लाट पुढें सरकण्यास वेळ लागतो, म्हणून नदीच्या कांहीं भागांत नेमकी संध्याकाळींच ओहोटी असते. तेथें अंडीं पाण्याखालींच राहतात, आणि तेथेंच चिलटेंहि अधिक सांपडलीं.

त्यावर जो उपाय काढला तो शेतकऱ्यास सहज पटेल असा आहे. जमिनीस जशी पडीक टाकून विश्रांति द्यावी, तशी नदीला आठवड्यांतून दोन दिवस विश्रांति द्यावयाची. २०१८ च्या मेपासून ऑगस्टपर्यंत दर शनिवारीं व रविवारीं पाणी कमी पातळीवर स्थिर ठेवलें. त्या दिवशीं कडेला घातलेलीं अंडीं सोमवारीं पाणी वाढल्यावर उलट अधिकच खोल गेलीं, उघडीं पडलीं नाहींत. शनिवार-रविवारीं कारखाने व कचेऱ्या बंद असल्यानें विजेची मागणीहि कमी असते, म्हणून हा प्रयोग वीजवाल्यांस फारसा जड गेला नाहीं. त्या वर्षीं कॅडिस नांवाच्या माश्या पूर्वींच्या सुमारें चौपट सांपडल्या. पुढें हा प्रयोग पुन्हांहि करण्यांत आला. एकूण पाणी तेंच, धरण तेंच. बदललें तें पाणी सोडण्याचें वेळापत्रक.

तथापि ट्राउट वाढणें हें सर्वांसच इष्ट वाटत होतें असें नाहीं. तो तेथील पाहुणा. धरणाखालीं सुमारें ७६ मैलांवर लिटल कोलोराडो नदीच्या संगमाशीं कुबडा चब कसाबसा तग धरून होता, आणि ट्राउट त्याचीं पिल्लें व त्याचें अन्न खातो असा संशय होता. म्हणून २००३ ते २००६ ह्या काळांत संगमाजवळचे हजारों ट्राउट पकडून मारण्यांत आले. त्यावर झुनी लोकांनीं हरकत घेतली. ही दरी त्यांच्या पूर्वजांचें उत्पत्तिस्थान, व तेथील जीव हे आपले आप्त, अशी त्यांची श्रद्धा आहे. पवित्र जागीं अशी हत्या होऊं नये, असें त्यांचें म्हणणें पडलें, आणि तें अधिकाऱ्यांस विचारांत घ्यावें लागलें. चब वाढले खरे. परंतु त्याच वर्षांत दुष्काळानें जलाशय उतरून पाणीहि कांहींसें उबदार झालें होतें, त्यामुळें श्रेय कोणाचें हें ठरविणें कठीण गेलें. २०२१ मध्यें चबचें नांव अत्यंत संकटांतील जातींच्या यादींतून काढून खालच्या यादींत घालण्यांत आलें.

मग नवें संकट आलें तें वरून. वर्षानुवर्षांच्या अवर्षणानें लेक पॉवेलची पातळी २०२२ च्या वसंतांत ३,५२५ फुटांच्याहि खालीं गेली. नळांचीं तोंडें ३,४७० फुटांवर. म्हणजे पूर्वीं २३० फूट खोल असलेलें तोंड आतां पन्नासएक फुटांवर आलें. वरचा तापलेला थर जनित्रांतून खालीं येऊं लागला, नदीचें पाणी ६० अंशांच्या वर गेलें, आणि त्या थरांत राहणारे स्मॉलमाउथ बास नांवाचे खादाड मासेहि पाण्याबरोबर भिंतीपलीकडे उतरले. त्याच उन्हाळ्यांत धरणाखालीं त्यांचीं पिल्लें सांपडलीं. ट्राउटला ऊब व प्राणवायूची टंचाई भोंवली. चबला बासचें भय उत्पन्न झालें. जे दोन मासे आजवर एकमेकांचे वैरी मानले जात, त्यांचें हित प्रथमच एक झालें: दोघांसहि आतां थंड पाणी हवें होतें. म्हणून २०२४ च्या जुलैपासून कांहीं महिने जनित्रें टाळून, ३,३७४ फुटांवरील खालच्या नळांतून थंड पाणी मिसळून सोडण्यांत आलें. त्या पाण्यापासून वीज निघत नाहीं, म्हणून वीज घेणाऱ्यांनीं तक्रार केली. आणि ती अवास्तव होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. हरवलेली वीज बाहेरून विकत घ्यावी लागते.

आमच्या वाचकांनीं ह्यावरून काय घ्यावें? ट्राउट आपल्या नद्यांत जगणार नाहीं, व तसा हव्यासहि कोणी धरूं नये. परंतु विजेच्या घड्याळावर वाहणारी नदी आपणांस अनोळखी नाहीं. मुळशीच्या तलावाचें पाणी भिऱ्याच्या वीजघरांतून कुंडलिकेंत उतरतें, आणि जनित्रें चालतील तशी ती नदी भरते व ओसरते. खालच्या शेतीचें भिजणेंहि त्याच पाण्यावर. अशा नदीकांठच्या शेतकऱ्यानें पाणी किती सुटलें एवढेंच विचारून थांबूं नये. तें कोणत्या थरांतून सुटलें, कोणत्या घटकेस सुटलें, आणि सर्वांत कमी पाणी किती राहील ह्याचें वचन कोणी दिलें आहे, हेंहि विचारावें. लीज फेरीच्या वाटाड्यांनीं बाटल्या भरून आणल्या, तेव्हां नदीचें दुखणें कळलें. आपणहि आपल्या कांठीं एक खूण रोवून पाण्याची चढउतार रोज वहींत टिपूं लागलों, तर वीजघराच्या अधिकाऱ्यापुढें बसतांना आपल्या हातीं गाऱ्हाण्याऐवजीं हिशेब असेल.