मोडशीचे जंतू आणि आपण

‘मोडशी’ हा शब्द आपल्या भागातील वडीलधाऱ्या मंडळींना अपरिचित नाही. आजची पिढी त्या रोगाला कॉलरा म्हणते. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापून निघालेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन करताना त्याचे स्थानिक नाव नोंदविले होते. पुढे पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे ‘मोर्देशी’ झाले आणि फ्रेंचांनी तर त्याचा अपभ्रंश ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाच्या शब्दांत केला. १५४३ साली गोव्यात या रोगाने घातलेल्या थैमानाची हकीकत गास्पार कोर्रैया या बखरकाराने लिहून ठेवली आहे. ज्या रोगाचे नाव जगाने आपल्या भाषेतून उचलले, त्याच्या जंतूविषयी विज्ञान आज काय सांगते हे आपण जाणून घेतले पाहिजे. कारण त्यात आपल्या आजच्या वर्तनाविषयी एक इशारा आहे.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात हा जंतू निश्चित केला. त्याच कलकत्त्यात १९५९ साली शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की, रोग्याचे शरीर कोरडे पाडते ते या जंतूने आतड्यात सोडलेले विष. तरीही एक कोडे उरलेच. नदीमुखाच्या मचूळ पाण्यात याच जातीचे असंख्य जंतू सुखाने नांदतात, आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. मग मोजक्यांच्याच अंगी हे विष आले कोठून? १९९६ साली अमेरिकेतील वॉल्डर आणि मेकॅलॅनस या शास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर दिले. विष बनविण्याची विद्या जंतूची स्वतःची नव्हेच. ती त्याला एका विषाणूने दिलेली असते.

हा विषाणू जंतूच्या अंगात शिरतो तो एका धाग्यावरून. अनेक जंतूंच्या अंगावर केसाहून हजारो पटींनी बारीक असे प्रथिनांचे धागे असतात. लॅटिन भाषेतील केसाच्या शब्दावरून त्यांना ‘पिलस’ हे नाव पडले. मोडशीचा जंतू अशाच धाग्यांच्या साह्याने आपल्या भाईबंदांशी जुडगा बांधून आतड्यात ठाण मांडतो. ज्याच्या बळावर तो मुक्काम करतो, तोच धागा विषाणूला आत येण्याची वाट होतो.

दुसऱ्या प्रकारच्या धाग्याचे काम याहून विलक्षण आहे. एक जंतू धागा लांबवितो, दुसऱ्याला गाठतो, धागा आखडून त्याला जवळ ओढतो आणि आपल्याजवळील आनुवंशिक द्रव्याचा काही भाग त्याच्या हवाली करतो. या व्यवहाराला संयुग्मन म्हणतात. त्याचा पहिला पुरावा लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ साली दिला. या देवघेवीला जातीचे बंधन नाही. १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखविले की, औषधांना दाद न देण्याची शक्ती आतड्यातील साध्या जंतूकडून आमांशाच्या जंतूकडे याच मार्गाने जाते. १९९२ च्या अखेरीस मद्रासेत मोडशीचा जो नवा प्रकार उद्भवला, त्यातही अनेक औषधांना निष्प्रभ करणारा, जंतूकडून जंतूकडे जाऊ शकणारा असा गुणसमूह आढळला. २०१० साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी अखेरच्या फळीतील औषधांना न जुमानणाऱ्या २४ जंतूंचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी २२ जणांपाशी एकच शस्त्र होते, आणि ते प्रामुख्याने अशाच हस्तांतराने पसरते.

मात्र हा धागा जंतूलाही फुकट मिळत नाही. १९६१ साली लोब आणि झिंडर यांनी न्यूयॉर्कच्या सांडपाण्यातून असे विषाणू वेगळे केले, की जे देवघेवीचा धागा असलेल्या जंतूंनाच गाठतात. ज्याच्या अंगी धागा नाही, तो सुरक्षित. फिनलंडमधील संशोधकांनी तर २०११ साली दाखवून दिले की, देवघेवीच्या यंत्रणेवरच घाला घालणाऱ्या विषाणूच्या सान्निध्यात बहुसंख्य वाचलेल्या जंतूंनी ती यंत्रणा आणि तिच्यासोबतची औषधविरोधी शक्ती दोन्ही टाकून दिली. पण या प्रयोगात औषधाचा मारा नव्हता. भोवती औषध असेल तर जंतूला हे शस्त्र टाकणे परवडत नाही. म्हणजे निसर्गाने ठेवलेला अंकुश आपणच सैल करीत असतो.

म्हणूनच हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. साधी सर्दी किंवा विषाणूजन्य ताप यांवर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग नसताना दुकानातून चार गोळ्या आणायच्या, दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या फडताळात ठेवायच्या आणि पुढे शेजाऱ्याला द्यायच्या, हा प्रकार घरोघरी चालतो. अशा औषधांच्या विक्रीवर केंद्र सरकारने २०१४ सालापासून अधिक कडक निर्बंध लागू केले. २०१६ साली पाकिटावरील लाल रेघेचा अर्थ लोकांना सांगण्याची मोहीमही काढली. ती रेघ वाचणारे किती, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

तुये गावाचे उदाहरण घ्या. तेथे आरोग्य केंद्र आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि शापोरा नदीचे सान्निध्य आहे. तेथे काही बिघडले आहे असा आमचा आरोप नाही. परंतु औषधे, रुग्ण आणि पाणी ही जेथे एकमेकांच्या इतकी जवळ येतात, तेथे सांडपाण्याची जंतुदृष्ट्या नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष पंचायतीच्या फलकावर लागावेत, ही मागणी वाजवी आहे. हैदराबादनजीक पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे प्रचंड प्रमाण आढळल्याचे २००७ साली उघड झाले. तो धडा आपण दुसऱ्याच्या अनुभवावरून शिकलेला बरा.

मोडशीने एके काळी आपली नगरे ओस पाडण्यास हातभार लावला, तेव्हा आपले पूर्वज अज्ञानापुढे हतबल होते. आज ज्ञान हाताशी आहे. आता चूक झाली तर अज्ञानाची सबब आपल्याला सांगता येणार नाही.