फौजेचा ट्रक, आटपाडीचा हिशेब

अण्णांनी ट्रकभोवती एक चक्कर मारली, पुढच्या चाकाला चपलेनं टोला दिला आणि म्हणाले, "केबिन उचल की." मी पंपाचा दांडा खालीवर करत केबिन पुढे कलंडवली. अण्णा वाकले, इंजिनाच्या कडेनं बोट फिरवत मागेपर्यंत गेले आणि हसायलाच लागले. "आगं, हे तर आपलं सिक्स नाइण्टीसेव्हन हाय!"

अण्णा, माझे वडील, एसटीच्या आटपाडी डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होते. मी नोकरीमुळे जर्मनीत, स्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिश आल्बच्या डोंगराळ पट्ट्यात राहते. जर्मन फौजेनं मोडीत काढलेला ट्रक आम्ही नवरा-बायकोनं घेतलाय आणि त्याचं फिरतं घर करणार आहोत, हे फोनवर सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले होते. तीन महिन्यांच्या व्हिसावर आले आणि पहिल्याच सकाळी चहा अर्धा ठेवून, एका शेतकऱ्याकडून भाड्यानं घेतलेल्या आमच्या शेडमध्ये हजर झाले.

त्यांची ओळख बरोबर होती. टाटांनी 1954 साली डाइम्लर-बेन्झशी करार केला आणि पुढची पंधरा वर्षं जमशेदपूरला मर्सिडीजच्या सहकार्यानं ट्रक बनत राहिले. करार 1969 मध्ये संपला, इंजिनांचं घराणं मात्र चालू राहिलं. टाटाच्या 697 या नावात सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा 97 मिलिमीटर व्यास दडलेला आहे. आमच्या ट्रकात मर्सिडीजचं ओएम 352 आहे. त्याचाही व्यास 97, स्ट्रोक तोच 128 मिलिमीटरचा, आणि मापही तेच, 5,675 सीसी. अण्णांनी उघडलेल्या इंजिनांना टर्बो नव्हता, याला आहे, एवढाच काय तो फरक.

ट्रकचं नाव मर्सिडीज 1017 ए. यातला 10 म्हणजे दहा टनांचा वर्ग, 17 म्हणजे साधारण 170 अश्वशक्ती आणि 'ए' म्हणजे चारही चाकांना जोर. जर्मन सरकारचं जुनं सामान फ्रँकफर्टची फेबेग ही सरकारी कंपनी विकते. बोली बंद पाकिटासारखी लावायची असते. दुसऱ्यानं किती लावली ते कळत नाही. आमची लागली.

जुनं, पण न वापरलेलं

फौजेच्या ट्रकची गंमत अशी की तो म्हातारा असतो, पण फिरलेला नसतो. आमच्या ट्रकचं मीटर एखाद्या पाच वर्षांच्या टॅक्सीपेक्षा कमी होतं. इंजिनात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. डिझेल पंप आणि नोझल यांच्यावर सगळा कारभार. मोरोक्कोतल्या खेड्यातला मेकॅनिकही ते इंजिन उघडू शकतो.

पण उभ्या गाडीचे रोग वेगळे. रबर मरतं. ब्रेकचे होज, ऑइल सील, इंजिनाचे माउंटिंग, सगळं वरून ठीक दिसत होतं आणि हातानं वाकवलं की तडे दिसत होते. टायरांची नक्षी नव्यासारखी होती. अण्णांनी टायरच्या कडेचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. "नक्षी बघू नको, जन्मतारीख बघ," म्हणाले. सगळे टायर, स्टेपनीसकट, बाद केले.

मग त्यांनी इंजिन चालू करायला लावलं आणि स्वतः सायलेन्सरमागे जाऊन उभे राहिले. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, नोझल किंवा एअर फिल्टर बघ. निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय. पांढरा थंडीत थोडा वेळ चालतो. गरम झाल्यावरही राहिला तर काळजी कर. आमचा थोडा काळा होता. नोझल काढून तपासून आणले, धूर गेला.

बाज आणि खोकं

ट्रकवर घर बांधायचं म्हणजे चासीवर खोकं ठेवून बोल्ट आवळायचे, असं मला वाटत होतं. मी स्वतः इंजिनिअर असून वाटत होतं, हे कबूल करते.

आपल्याकडची सुंभाची बाज आठवा. तिच्या एका पायाखाली वीट सरकवली तर बाज पिळते, पण बाकीचे तीन पाय जमिनीवरच राहतात. ट्रकची चासी अशीच मुद्दाम पिळणारी बनवलेली असते. एक चाक खड्ड्यात गेलं की दोन लोखंडी पट्ट्या वेगवेगळ्या वाकतात आणि चारही चाकं जमिनीला धरून राहतात. त्या बाजेवर लोखंडी कपाट चारही कोपऱ्यांनी बांधून टाकलं तर काय होईल? पीळ बसला की कपाटाचे सांधे तरी उकलतील, नाहीतर बाजेची चौकट तरी मोडेल.

म्हणून मध्ये दुसरी चौकट घालावी लागते. आमच्या चौकटीचे टेकू पतंगाच्या चार टोकांसारखे आहेत. एक पुढे मधोमध, एक मागे मधोमध, हे दोन्ही बिजागरीसारखे फिरणारे. आणि उरलेले दोन डाव्या-उजव्या बाजूला मध्यावर. चासी पिळते, घर सरळ राहतं. चासीला वेल्डिंगचा ठिपकाही लावायचा नाही, सगळं बोल्टवर. हे काम आम्ही घरी केलं नाही, जाणत्या कारखान्याकडून करून घेतलं. जीव ज्याच्यावर टांगलेला असतो तिथे हौस बाजूला ठेवावी.

खोकंही फौजेचंच आहे. वायरलेसवाल्यांसाठी बनलेली ॲल्युमिनियमची कोठडी, मधे फोम भरलेल्या भिंती, लांबी सव्वाचार मीटर, रुंदी सव्वादोनच्या आत. आमच्या दोघांच्या उंचीला पुरते. सहा फुटी पाहुण्याला मान वाकवावी लागते. खिडकीसाठी पहिलं भोक पाडायच्या दिवशी नवऱ्यानं चार वेळा माप घेतलं आणि जिगसॉ माझ्या हातात दिला.

पाणी, वीज आणि दोन माणसांचा श्वास

'स्वयंपूर्ण' गाडी म्हटलं की लोकांना छतावरचे सोलर पॅनेल आठवतात. मला माझी आई आठवते. आमचं गाव माणदेशातलं. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा आणि आईला मात्र हंडा, कळशी, घागर यांत आज किती आहे आणि ते कोणत्या दिवसापर्यंत जाईल, हे न बघता सांगता यायचं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पहिलं पाणी परसातल्या आळूला.

आमच्या टाकीत 300 लिटर पाणी मावतं. म्हणजे 300 किलो वजन, म्हणून टाकी दोन आसांच्या मध्ये आणि जेवढी खाली बसेल तेवढी खाली. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी घेतो. आम्ही शॉवर लावलाच नाही. छोट्या मोरीत बादली आणि तांब्या ठेवला. एका आंघोळीला पाच लिटर. पिणं, स्वयंपाक, भांडी धरून दोघांना दिवसाला पंचवीस लिटर लागतात. बारा दिवस निघतात. संडास लघवी वेगळी करणारा आहे, त्याला पाणी लागत नाही.

विजेचं गणित वीजबिलातल्या युनिटांत मांडते. फ्रिज अर्धं युनिट, इंडक्शनवरचा स्वयंपाक एक, दिवे-लॅपटॉप-फोन अर्धं, हीटरचा पंखा आणि पाण्याचा पंप पाव. दिवसाला सव्वादोन युनिट. ट्रक 24 व्होल्टचा, म्हणून 3.2 व्होल्टच्या आठ लिथियम सेल जोडल्या, 280 अँपिअर-तासांच्या. सात युनिट होतात, म्हणजे ऊन नसलं तरी तीन दिवस. छतावर 800 वॉटचे पॅनेल आहेत. जूनमध्ये ते रोज चार युनिट देतात. डिसेंबरात जर्मनीतल्या याच गावात, याच छतावर, अर्धंही नाही. म्हणून थंडीत एक तर दक्षिणेला जायचं, नाहीतर इंजिन चालवायचं. चालत्या ट्रकच्या डायनॅमोकडून तासाला एक युनिट मिळतं.

गॅस सिलिंडर टाळला. देश बदलला की सिलिंडरचा आटा बदलतो, रेग्युलेटर बसत नाही. शिवाय ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचंच थांबतं. घर तापवायचा हीटर ट्रकच्याच डिझेल टाकीवर चालतो.

चूक आमची झाली ती पहिल्या थंडीत. बॅटरीची पेटी मी बाहेर, फरशीखाली बसवली होती. आत कपाटाला जागा हवी होती म्हणून. उणे नऊ अंशाच्या सकाळी ऊन लख्ख पडलं, पॅनेल तयार, आणि बॅटरी वीज घेईना. लिथियम सेल शून्याखाली चार्ज केली तर आत धातूचा थर जमून ती कायमची खराब होते, म्हणून तिचा रखवालदार सर्किटच दार बंद करतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्याच सकाळी गादी उचलली तर खालचा पाट ओला. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून जवळपास अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. कोठडीच्या कडेच्या ॲल्युमिनियम पट्ट्या बाहेरून आतपर्यंत सलग आहेत. बाहेरची थंडी तिथून आत येते आणि ती वाफ तिथेच पाणी होते. घरी येऊन बॅटरी आत आणली, कपाट गेलं. पट्ट्यांवर रबरी फोम चिकटवला, गादीखालच्या फळ्यांत फटी सोडून हवा खेळती केली आणि छताचं झाकण थंडीतही बोटभर उघडं ठेवायला शिकलो.

कागद आणि काटा

जर्मनीत मालट्रकचं 'निवासी वाहन' व्हायचं तर तपासणी अधिकाऱ्याला चार गोष्टी पक्क्या बसवलेल्या दिसाव्या लागतात: झोपायची जागा, टेबलासह बसायची जागा, स्वयंपाकाची सोय आणि कपाटं. कागद बदलला की रविवारी साडेसात टनांवरच्या मालट्रकना असलेली बंदी आपल्याला लागू होत नाही. मला ट्रकचं लायसन्स काढावं लागलं. डॉक्टरची आणि डोळ्यांची तपासणी, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तीच. हिरवा रंगही बदलला, कारण काही सीमांवर फौजेच्या रंगाची गाडी उगीच प्रश्न ओढवून घेते. आता ती मातकट पिवळी आहे.

शेवटी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या काट्यावर ट्रक चढवला. साखर कारखान्याच्या काट्यावर लहानपणी बैलगाड्या पाहिलेल्या, तसंच धाकधुकीनं आकड्याकडे बघत होते. पाणी, डिझेल, पुस्तकं, कुकर, आम्ही दोघं मिळून 8,740 किलो. परवानगीच्या आत. तीन वर्षं चार महिन्यांचे शनिवार-रविवार त्या आकड्यात होते. ट्रक 100 किलोमीटरला चोवीस-पंचवीस लिटर डिझेल पितो. अण्णांच्या हिशेबानं लालपरीपेक्षा थोडं जास्त.

महाराष्ट्रात कुणाच्या मनात असं काही असेल तर एक सांगते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मुळे गाडीच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. लिलावात बोली लावण्याआधी आरटीओत जाऊन बसा, नंतर नको.

आणि त्याहीआधी एक काम करा, त्याला ट्रक लागत नाही. महिनाभर घरातल्या प्रत्येक माणसाला दिवसाला किती लिटर पाणी आणि किती वीज लागते, ते वहीत लिहा. आमच्या वहीचा पहिला आकडा माणशी 120 लिटरचा होता. तो साडेबारावर आला, तेव्हाच आम्ही ट्रक शोधायला लागलो.