भोंग्यावर चालणारं ग्वाल्हेर

ग्वाल्हेर म्हटलं की लोकांना किल्ला आणि तानसेन आठवतो. शहरातल्या लष्कर भागात वाढलेल्या आम्हा मराठी मुलांना आधी आठवतो तो जे. सी. मिलचा भोंगा! घनश्यामदास बिर्लांनी 1921 साली ही जियाजीराव कॉटन मिल काढली आणि तिच्याभोवती बिर्लानगर वसलं. पाळी सुटली की हजिरा वस्तीच्या रस्त्यावर सायकलींची रांग लागायची. कामगारांच्या भुवयांवर, शर्टाच्या कॉलरवर कापसाचा पांढरा भुगा चिकटलेला असायचा. त्याच हजिऱ्याला तानसेनाची समाधी आहे. एकाच वस्तीत यंत्रमाग आणि सूर, हे मला आजही विलक्षण वाटतं.

दुसरं वेड छोट्या लाईनचं. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या काळातली ही दोन फुटी नॅरोगेज रेल्वे श्योपूरपर्यंत सुमारे 200 किलोमीटर धावायची, टपावरसुद्धा माणसं बसलेली! 1990च्या दशकात मिल बंद पडली, 2020 मध्ये ही गाडीही थांबली.

ग्वाल्हेरकरांनो, घरात मिलचा जुना पास, पगाराची चिठ्ठी किंवा छोट्या लाईनचं तिकीट सापडलं तर रद्दीत देऊ नका. फोटो काढून ठेवा, मागे तारीख लिहा आणि मुलांना दाखवा.