छिन्नमनस्क माणूस घरात असता

स्किझोफ्रेनिया या आजाराला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. हे नाव ऐकून एकाच माणसात दोन माणसे नांदतात, असा पुष्कळांचा समज होतो. तो खरा नव्हे. या आजारात विचार, भावना आणि बाहेरचे जग यांची सांगड सुटते. कुणी बोलत नसताना बोलणे कानी येते. शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत अशी खात्री पटते. आणखी एक गोष्ट होते आणि घरच्यांना तीच अधिक जाचते. माणूस थंडावतो. आंघोळ नको, दाढी नको, चार माणसांत बसणे नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. तेव्हा तो आपल्या आळीत नसेलच, असे कुणी धरून चालू नये.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध अशा रुग्णांना देण्यात आले. पुढे ते सर्वत्र पसरले आणि वर्षानुवर्षे इस्पितळांत पडलेली माणसे घरी परतू लागली. परतल्यावर त्यांचे काय होते, हे लंडनच्या जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पाहिले. १९५८ साली त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. आईबापांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भावाबहिणींकडे वा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांची प्रकृती अधिक बरी राहत होती. मायेच्या माणसांतच आजार का उलटावा? मग त्यांनी घरच्यांच्या मुलाखती घेतल्या आणि ते काय बोलतात याबरोबर कोणत्या सुरात बोलतात, हेही टिपले. १९७२ साली आकडे प्रसिद्ध झाले. टोचून बोलणे, राग, किंवा क्षणभरही दृष्टिआड होऊ न देणारी काळजी ज्या घरांत फार, तेथे परतलेल्यांपैकी ५८ टक्के लोक नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडले. शांत घरांत हेच प्रमाण १६ टक्के होते. पुढे चंडीगडला असाच अभ्यास झाला, तेव्हा अशी तापलेली घरे तेथे लंडनपेक्षा कमी आढळली. म्हणून आपण लगेच पाठ थोपटून घ्यावी, असे मात्र नाही!

येथे एक खुलासा केलाच पाहिजे. घरच्यांच्या बोलण्याने हा आजार उत्पन्न होत नाही. 'आईने असे वाढवले म्हणून' असे एके काळी मोठमोठे पंडितही म्हणत. त्याला आधार सापडला नाही. पण तेवढ्यात कितीतरी आया विनाकारण झुरल्या.

आता तुम्ही म्हणाल, अहो, रोजचा त्रास सोसायचा आणि वर तोंडाला कुलूपही घालायचे? कुलूप नको, बोलण्याची रीत थोडी बदलावयाची. समजा, धाकटा भाऊ म्हणाला, "चहात काहीतरी घातलंय." वाद घालून त्याची खात्री हलणार नाही. "हो रे बाबा, घातलंय," अशी मान डोलावणेही बरे नव्हे. "मला तसं वाटत नाही. पण तुला भीती वाटतेय, हे दिसतंय. चल, तूच तुझ्या हाताने चहा कर," एवढे पुरते. दहा वाजेपर्यंत लोळणाऱ्याला 'आळशी' म्हणू नये, कारण तो थंडपणा आजाराचाच भाग आहे. एका वेळी एकच काम सांगावे : कुंड्यांना पाणी घाल, कोपऱ्यावरून दूध आण. ते केले की दोन बरे शब्द बोलावेत. आणि दिवसभर दोघांनी एकमेकांसमोर बसून राहू नये. त्याच अभ्यासात, तापलेल्या घरातही समोरासमोर सहवास आठवड्याला ३५ तासांहून कमी असला, तर धोका कमी दिसला. आईने दुपारी भजनाला जावे, मनात अपराध न बाळगता.

गोळ्यांची कथा निराळीच. बरे वाटू लागले की गोळ्या बंद होतात, आणि बहुधा काही महिन्यांनी दुखणे उलटते. हात थरथरतात, वजन वाढते, झोप अनावर होते, ही रुग्णाची तक्रार खोटी नसते. ती डॉक्टरांना सांगावी. औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते, रोजच्या गोळीऐवजी महिन्याचे इंजेक्शनही असते. आमटीत गोळी लपवून घालू नये. चहात विष आहे असे म्हणणाऱ्याला एके दिवशी ती सापडली, तर मग त्याने कुणावर विश्वास ठेवायचा?

'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल' हा सल्ला आपल्याकडे फार उदारपणे दिला जातो. लग्न हे औषध नव्हे. बरी झालेली माणसे संसार करतात, नाही असे नाही. परंतु आजार लपवून केलेले लग्न ही दोन घरांची फसवणूक होय.

कानातले आवाज 'जीव दे' असे सांगू लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. रुग्णाला एकटे न सोडता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विचारपूस करता येते. एरवी आजार उलटण्यापूर्वी पुष्कळदा आधी झोप उडते, मग संशय डोके वर काढतो. घरात एक साधी वही ठेवा. किती वाजता झोपला, जेवला का, गोळी घेतली का, एवढेच रोज लिहा; जमल्यास त्याच्याच हाताने. पुढच्या खेपेस ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.