धुऱ्यावरचा साग आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी

लाकडी नंदीत सगळ्यात अवघड काय, असं विचारलं तर बघणारा शिंगांकडे बोट दाखवतो, नाहीतर डोळ्यांकडे. सुतार पायांकडे दाखवतो. वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या एका गावात, पोळ्याच्या तोंडावर एका म्हाताऱ्या सुतारबुवांच्या छपरीत बसून मी हे काम पाहत होतो. हातभर लांबीचा सागाचा ठोकळा आडवा धरून ते म्हणाले, "हे पाहा भाऊ, लाकडाची रेषा डोक्यापासून शेपटीपर्यंत जाते. अंगाले चांगली. पण याच्यातूनच पाय काढले तं पायात ती आडवी पडते. पोरगं नंदी ओढन, गोट्याले ठेचन, अन् पाय मोडन."

वीतभर नंदी एकाच ठोकळ्यातून निघतो, तिथे पाय आखूड आणि जाड ठेवून भागतं. मोठ्या नंदीचे पाय मात्र वेगळ्या तुकड्यांतून, उभ्या रेषेने काढायचे. वरच्या टोकाला कूस ठेवायची, पोटाखाली तिच्यासाठी साल, म्हणजे खाच, पाडायची आणि मोगरीच्या ठोक्यांनी पाय आत बसवायचा. हाताने सरकून आत गेलेली कूस बुवांना चालत नाही, ती काढून दुसरी करतात. फेविकॉल लावतात, पण तो नंतर. चारही पाय सरळ खाली उतरत नाहीत. जरासे बाहेर फाकलेले असतात. त्या फाकण्यामुळेच नंदी चाकाच्या पाटावर रोवून उभा राहिल्यासारखा दिसतो.

तान्हा पोळा म्हणजे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा. नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो १८०६ साली सुरू केला, असं सांगतात. खरं असेल तर गंमत आहे, कारण तोवर देवगावच्या १८०३ च्या तहाने वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलेलं होतं. मुलूख गेला, सण मागून आला. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्याला माणसाहून मोठे लाकडी नंदी उभे राहतात. आमच्याकडे ते पोराला दोरीने ओढता येतील एवढेच.

लाकूड साग. धावडा आणि बाभूळ त्याहून कठीण, पण ती औताला, गाडीला आणि अवजारांच्या दांड्यांना बरी. कोरायला सागासारखं आज्ञाधारक लाकूड नाही, वजनाला बेताचं आणि अंगात तेल असलेलं. खोड एकच आहे: सागात वाळूच्या जातीचे बारीक कण असतात, ते पोलादाची धार खातात. बुवा थोडं काम झालं की पटाशी दगडावर फिरवतात, बोलणं न थांबवता.

आणि साग म्हणजे फक्त नार, आतला गाभा. सालीलगतचा पांढरा भाग ते निर्दयपणे तासून टाकतात, कारण कीड पहिल्यांदा तिथेच शिरते. ओलं लाकूड आलंच तर त्याची दोन्ही तोंडं शेणाने लिंपून सावलीत ठेवायची. लाकूड तोंडाकडून आधी सुकतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. शेणामुळे ते सुकणं मंदावतं.

पण ओलं लाकूड येतंय कुठून? वावराच्या धुऱ्यावर साग उभा असला तरी कुऱ्हाड उचलता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत साग आहे, तिवस आहे, हळदू आहे, अंजन आहे. आधी तोडीची परवानगी, मग वाहतुकीचा परवाना. कायदा नसता तर धुरे कधीच उघडे पडले असते, हे मला मान्य आहे. पण चार नंदींसाठी एवढे खेटे कोण घालणार? म्हणून बुवांचं जंगल आता पडक्या घरांत आहे. गावात जुनी माडी उतरवली, सिमेंटचं घर उठलं, की कड्या, सरे, चौकटी निघतात. दोन-तीन पिढ्या छताखाली सुकलेला साग. आता तो फारसा आकसत नाही, पिळत नाही. हे लाकूड बुवा आधी बोटांनी चाचपतात, मग लोहचुंबक फिरवतात. आत मोडून राहिलेला एक खिळा पटाशीची दिवसभराची धार घालवतो.

नंदीचं अंग वाकसाने तासून झालं, वशिंड आणि गळ्याखालची पोळी दिसू लागली, की खरी कोरणी सुरू होते. घुंगरमाळ कशी निघते ते मी जवळून पाहिलं. मानेभोवती आधी पेन्सिलीने दोन समांतर रेघा. त्या रेघांवर पटाशी उभी धरून मोगरीचा हलका ठोका, म्हणजे पुढची चिरी रेघेबाहेर पळत नाही. मधली पट्टी उठून दिसली की तिचे चौकोन पाडायचे. मग गोल पटाशी. प्रत्येक चौकोनाच्या माथ्यावरून सुरुवात करून आधी एका बाजूला उतार, मग उलट फिरून दुसऱ्या बाजूला. सलग एकाच दिशेने गेलं तर अर्धा घुंगरू गुळगुळीत होतो आणि उरलेल्या अर्ध्यात पटाशी रेषा उचकटून काढते. मान गोल असल्यामुळे रेषेची दिशा प्रत्येक घुंगराला बदलते. बुवा ती डोळ्यांनी फारशी बघत नाहीत. सुलट चालली की पटाशी सुळसुळते आणि कुरळी ढलपी निघते. उलट लागली की करकरते. त्या आवाजावर त्यांचं मनगट फिरतं.

नंतर झुलीवरची वेल, कपाळावरचं बाशिंग, खुरांच्या फटी. शिंगं आणि कान वेगळे करून बसवायचे. शेवटी जवसाचं तेल. काही गिऱ्हाइकांना ऑइलपेंट हवा असतो. बुवा लावून देतात, पण मग ते लाकूड साधं वापरतात. मला हा हिशेब पटला.

कारंजात काष्ठासंघाच्या जैन मंदिरात लाकडावरचं जुनं कोरीवकाम आहे. ते पाहिल्यावर या भागात हा हात नवा नाही, एवढं कळतं. आज मंदिरांची दारं बहुधा मशीनवर कोरून येतात. काम नेटकं असतं, स्वस्तही. पण मशीनला रेषा कळत नाही; आडव्या रेषेवरची नाजूक पाकळीही ती तितक्याच आत्मविश्वासाने काढते आणि ती पाकळी टिचते. २०२३ साली आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत, अवजारांसाठी १५ हजारांची मदत आहे, स्वस्त कर्जही आहे. बुवांकडे अवजारं बापाच्या वेळची आहेत आणि उत्तम आहेत. त्यांना लाकूड हवं आहे, आणि ते कुठल्या योजनेत नाही.

ते तुमच्या-माझ्या घरात आहे. जुनं घर उतरवाल तेव्हा कड्या आणि सरे भंगारवाल्याला किंवा चुलीला देण्याआधी गावच्या सुताराला एकदा दाखवा. आणि नंदी हवा असेल तर श्रावणात धावत जाऊ नका, उन्हाळ्यातच सांगून ठेवा. पावसाळी हवेत फुगलेल्या लाकडात बसवलेली कूस हिवाळ्यात ढिली पडते.