बॅटरीखालचा गंज

ज्यांचे घर टॅक्सी-टेम्पोवर चालते, त्यांनी पावसाळ्यापूर्वी बॉनेट उघडून बॅटरीखालचा पत्रा अवश्य पाहावा. बॅटरीतील अ‍ॅसिड ठिबकून रंग सोलतो आणि मुंबईची खारी, दमट हवा तो पत्रा भराभर खाते.

इंजिन थंड झाल्यावर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर सोडवून बॅटरी बाहेर काढावी. हातमोजे घालावेत. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पत्र्यावर ओतावा. फेस येणे थांबेपर्यंत ओतत राहावे. मग धुऊन, कोरडे करून पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपर घासावा. त्यावर रेड ऑक्साइड, नंतर रंग. गंजावरच रंग फासणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते तो पैसा पाण्यात. वायर जोडताना पॉझिटिव्ह आधी. टर्मिनलला व्हॅसलीन लावावे. पत्र्याला भोक पडले असेल तर मात्र वेल्डरकडेच जावे.